हा तोच का?

आधी एक खेळ. मोठ्या परातीत बोटभर पाणी घ्या आणि त्यात थर्माकोलचे साबुदाण्याएवढे दहा गोळे सोडा. सगळे अगदी सारखे दिसले पाहिजेत. (ते एकमेकांना चिकटू पाहतील. ती पृष्ठताणाची करामत, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.) तुमच्या मित्राने त्यांतल्या दोन गोळ्यांकडे बोट दाखवायचे, मग काडीने पाणी हळूहळू ढवळत राहायचे. अर्ध्या मिनिटाने तुम्ही तेच दोन गोळे ओळखून दाखवायचे. दोन सहज जमतात. तीनही जमतात. चारला डोळे ताणावे लागतात आणि सहा गोळे घेतले की तुम्ही हमखास गडबडता.

यात तुमच्या डोळ्यांचा दोष काही नाही. १९८८ साली कॅनडात झेनॉन पिलिशिन आणि रॉन स्टॉर्म या दोघांनी असाच खेळ पडद्यावर मांडला होता. दहा सारखी चिन्हे पडद्यावर वेडीवाकडी हिंडत आणि पाहणाऱ्याने त्यांतल्या ठरलेल्या काहींवर नजर ठेवायची. माणसे चार-पाच चिन्हांपर्यंत टिकाव धरत, पुढे त्यांची दमछाक होई. म्हणजे एका वेळी चार-पाच हलत्या वस्तूंचा माग ठेवणे ही आपल्या मेंदूची साधारण मर्यादा दिसते.

आता मनात आणा : रस्त्यावरून पन्नास वाहने चालली आहेत, किंवा आभाळात पाचशे पाखरांचा थवा वळणे घेतो आहे, आणि आपल्याला त्यांतल्या प्रत्येकाचा माग हवा आहे. हे काम संगणकावर सोपवायचे. ते तो कसे करतो, कुठे अडखळतो आणि अडखळला तर काय होते, हे आज पाहू.

संगणकाला काय दिसते?

खरे सांगायचे तर काहीच दिसत नाही. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे, सेकंदाला पंचवीस किंवा तीस. प्रत्येक चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. एका बऱ्यापैकी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक पिक्सेलचा तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश किती, हे सांगायला तीन आकडे लागतात. म्हणजे एका चित्राला ६२,२०,८०० आकडे झाले, आणि सेकंदाला पंचवीस चित्रे धरली तर साडेपंधरा कोटींहून अधिक! संगणकापुढे हा आकड्यांचा ढीग येऊन पडतो. त्यात कुठेही ‘मुंगी’, ‘मोटार’ किंवा ‘गोविंदा’ असे लिहिलेले नसते.

पहिले काम म्हणजे या ढिगातून वस्तू वेगळ्या काढणे. कॅमेरा स्थिर असेल तर एक जुनी, साधी युक्ती चालते. रिकाम्या भिंतीचे चित्र आधी घेऊन ठेवायचे आणि नंतरच्या प्रत्येक चित्रातून ते वजा करायचे. जिथे वजाबाकी शून्याच्या जवळ, तिथे भिंत. जिथे मोठी, तिथे काहीतरी नवे आले आहे. कॅमेराच हलत असेल किंवा झाडाची सावली डुलत असेल, तर ही युक्ती कोलमडते. अलीकडे, विशेषतः २०१५ च्या सुमारापासून, या कामाला न्यूरल नेटवर्क नावाच्या रचना वापरतात. हजारो चित्रे दाखवून त्यांना शिकवलेले असते. त्या चित्रावर नजर फिरवून सांगतात, ‘या चौकोनात माणूस आहे, त्या चौकोनात सायकल आहे.’ याच गोष्टीचा सध्या फार गाजावाजा होतो. पण माझ्या मते खरी गंमत पुढेच आहे.

कारण एवढे होऊनही आपल्या हाती काय आले? पहिल्या चित्रात चौदा चौकोन, दुसऱ्या चित्रात चौदा चौकोन. पहिल्यातला कोणता चौकोन दुसऱ्यातला कोणता झाला, हे कोण सांगणार? कबड्डीच्या मैदानावर सात-सात गडी सारख्याच बनियनमध्ये पळत असतात. ‘इथे एक गडी आहे’ हे कळणे वेगळे आणि ‘मघाशी तिथे होता तोच हा’ हे कळणे वेगळे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. एका चित्रावरून वस्तूचे स्थान कळते, वेग कधीच कळत नाही. वेगासाठी दोन वेळची दोन स्थाने लागतात आणि ती दोन्ही एकाच वस्तूची आहेत याची खात्री लागते.

जोड्या जुळवा

परीक्षेतला हा प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. संगणकालाही सेकंदाला पंचवीस वेळा तो सोडवावा लागतो.

एक सोपे उदाहरण घेऊ. भिंतीवर पट्टी चिकटवली आहे आणि तिच्या कडेने दोन मुंग्या चालल्या आहेत. पहिल्या चित्रात क मुंगी १० सेंटिमीटरवर, ख मुंगी १४ सेंटिमीटरवर. दुसऱ्या चित्रात एक मुंगी १३ वर आणि एक १८ वर दिसते. कोणती कुठली?

‘जवळची ती त्याची’ हा नियम कोणालाही पटकन सुचतो. सर्वांत जवळची जोडी शोधा : ख होती १४ वर, मुंगी दिसते १३ वर, अंतर अवघे १. मग ती ख ठरली. उरलेली १८ ची मुंगी अर्थात क. पण थांबा! याचा अर्थ क मुंगीने एका झेपेत आठ सेंटिमीटर काटले आणि ख मात्र एक सेंटिमीटर मागे सरकली. हे काही खरे वाटत नाही. दुसरी जुळणी पाहा : क गेली १३ वर (अंतर ३), ख गेली १८ वर (अंतर ४). दोघी एकाच दिशेने, साधारण सारख्याच गतीने. पहिल्या जुळणीतल्या अंतरांची बेरीज ९ आणि दुसरीतली ७. पहिली जोडी हावरेपणाने उचलली की शेवटच्या जोडीच्या वाट्याला अशक्य ते येते. म्हणून नियम असा हवा : प्रत्येकाचे वेगळे न पाहता सगळ्यांची मिळून बेरीज कमीत कमी यावी.

दोन मुंग्यांच्या जुळण्या दोनच. तिघींच्या सहा. दहांच्या ३६,२८,८००. कबड्डीच्या चौदा गड्यांच्या किती? १४ × १३ × १२ … असे १ पर्यंत गुणत गेलात तर उत्तर येते ८७ अब्ज १७ कोटी ८२ लाख ९१ हजार २००. सेकंदाला एक कोटी जुळण्या तपासल्या तरी दोन तास पंचवीस मिनिटे लागतील, आणि पुढचे चित्र तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात हजर!

यातून सोडवणारी रीत सापडली तिची हकिकत मोठी मौजेची आहे. अमेरिकन गणिती हॅरल्ड कून १९५३ साली हंगेरीच्या देनेश कोनिग यांचे पुस्तक वाचत होता. त्यातल्या एका तळटीपेत येनो एगेरवारी यांच्या १९३१ च्या लेखाचा उल्लेख होता. लेख हंगेरियन भाषेत. कूनला ती भाषा येत नव्हती. त्याने ग्रंथालयातून हंगेरियन शब्दकोश आणि व्याकरण आणले, लेखाचा स्वतः अनुवाद केला आणि त्यातून ही रीत उभी केली. १९५५ साली ती प्रसिद्ध करताना त्याने तिला नाव दिले ‘हंगेरियन पद्धत’. पुढे आढळले की याकोबी या जर्मन गणितीने जवळपास हेच एकोणिसाव्या शतकात करून ठेवले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८९० साली, लॅटिनमध्ये छापले गेले आणि कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

रीत काय आहे ते आपल्या दोन मुंग्यांवरच पाहू. अंतरांचा तक्ता मांडा. क ची ओळ : ३, ८. ख ची ओळ : १, ४. आता प्रत्येक ओळीतली सर्वांत लहान संख्या त्या ओळीतून वजा करा. क ची ओळ होते ०, ५ आणि ख ची ०, ३. मग प्रत्येक स्तंभातली सर्वांत लहान संख्या त्या स्तंभातून वजा करा. पहिल्या स्तंभात शून्य आहेच, दुसऱ्यातून ३ वजा होतात. उरले काय? क ची ओळ : ०, २. ख ची ओळ : ०, ०. आता प्रत्येक ओळीतून एक आणि प्रत्येक स्तंभातून एक असे शून्य निवडा. क चे पहिले, ख चे दुसरे. म्हणजे क गेली १३ वर, ख गेली १८ वर. उत्तर आले!

हे का चालते? एखाद्या ओळीतल्या सर्व संख्यांमधून सारखीच रक्कम वजा केली तर प्रत्येक जुळणीची बेरीज तेवढ्यानेच घटते, त्यामुळे जुळण्यांचा आपसांतला क्रम बदलत नाही. आणि शून्याहून कमी बेरीज होऊच शकत नाही. एकूण वजा केले किती? ३, १ आणि ३, म्हणजे ७. तीच आपली कमीत कमी बेरीज. मोठ्या तक्त्यात शून्ये पुरत नाहीत तेव्हा आणखी थोडी उलाढाल करावी लागते, पण तत्त्व हेच. या रीतीच्या सुधारलेल्या रूपात कामाचा व्याप साधारण गड्यांच्या संख्येच्या घनाप्रमाणे वाढतो. चौदाचा घन २७४४. कुठे सत्त्याऐंशी अब्ज आणि कुठे हे!

कोकमाच्या भावकीतले कण

बेरीज अंतरांची घ्यायची की अंतरांच्या वर्गांची? इथे भौतिकशास्त्र मदतीला येते. पॅरिसचा जाँ पेरँ १९०८-०९ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले बारीक कण पाहत होता. कण होते गँबोज नावाच्या पिवळ्या डिंकाचे. आपल्या कोकमाच्याच कुळातल्या एका झाडाचा हा चीक. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी आदळत असल्यामुळे कण सारखे थरथरत, भरकटत राहतात. पेरँ एक कण धरी, दर तीस सेकंदांनी त्याची जागा आखलेल्या कागदावर टिपी आणि ठिपके रेघांनी जोडी. आइन्स्टाइनने १९०५ साली गणिताने सांगितले होते की कण किती दूर भरकटला त्याचा वर्ग करून सरासरी काढली, तर ती काळाच्या प्रमाणात वाढते. पेरँच्या ठिपक्यांनी ते खरे ठरवले. रेणू खरोखरच असतात याबद्दल उरलीसुरली शंका त्यामुळे फिटली आणि १९२६ साली पेरँला नोबेल पारितोषिक मिळाले. एकेका कणाचा माग हाताने काढून केवढे मोठे काम झाले, पाहा.

१९९६ साली जॉन क्रॉकर आणि डेव्हिड ग्रीयर यांनी हेच काम व्हिडिओ आणि संगणक वापरून, एकाच वेळी पुष्कळ कणांसाठी करण्याची रीत मांडली. जुळणी करताना त्यांनी अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवली. कारण असे : भरकटणाऱ्या कणाच्या बाबतीत लहान उडी संभवनीय असते, मोठी उडी झपाट्याने दुर्मीळ होत जाते आणि ते दुर्मीळपण उडीच्या वर्गावर ठरते. म्हणून वर्गांची बेरीज सर्वांत कमी, तीच जुळणी सर्वांत संभवनीय. आपल्या मुंग्यांच्या बाबतीत वर्ग घेतले तर एका जुळणीचे होतात १ + ६४ म्हणजे ६५ आणि दुसरीचे ९ + १६ म्हणजे २५. निकाल आणखी स्पष्ट!

आरपार गेल्या की माघारी फिरल्या?

आता एक अवघड प्रसंग. क मुंगी १० वर आहे, ख १५ वर, दोघी समोरासमोर येत आहेत. पुढच्या चित्रात मुंग्या दिसतात १० वर आणि १६ वर. अंतरांची बेरीज पाहाल तर क जागेवरच उभी आहे आणि ख एक सेंटिमीटर मागे सरली आहे. बेरीज फक्त १. याहून चांगली जुळणी असूच शकत नाही. आणि तरीही ती चूक आहे!

कारण आधीच्या चित्रांवरून आपल्याला माहीत आहे की क दर चित्राला ६ सेंटिमीटर उजवीकडे चालली होती आणि ख ५ सेंटिमीटर डावीकडे. म्हणजे क आता १६ वर असायला हवी आणि ख १० वर. तशा त्या आहेतच. दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या, एवढेच. तेव्हा जुन्या जागेशी तुलना न करता, वस्तू आता कुठे असावी त्या अंदाजाशी तुलना करायची. न्यूटनचा पहिला नियम तुम्ही पाठ केलेला आहे : बाहेरून बल लागले नाही तर वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने जात राहते. माग काढणारे यंत्र या नियमावर रोजचा संसार चालवते.

पण अंदाज चुकतो आणि निरीक्षणही चुकते. मग कोणाचे ऐकायचे? दोघांचेही, ज्याची जेवढी पत तेवढे. समजा, अंदाज म्हणतो वस्तू २० वर असावी, कॅमेरा म्हणतो २३ वर आहे. अंदाजावर आपला विश्वास कॅमेऱ्याच्या दुप्पट असेल, तर वीसला दोन मते आणि तेविसाला एक मत. (२० + २० + २३) भागिले ३, उत्तर २१. मौज अशी की असे मिश्रण केल्यावर उरणारी अनिश्चितता दोघांपैकी प्रत्येकाच्या अनिश्चिततेहून कमी असते. दोन अर्धवट साक्षीदार मिळून एका बऱ्या साक्षीदाराहून चांगले ठरतात. दर चित्राला अंदाज बांधायचा, निरीक्षणाशी ताडून सुधारायचा आणि कोणावर किती विश्वास ठेवायचा तेही सुधारत जायचे, ही रीत १९६० साली रुडॉल्फ काल्मन याने मांडली. तिला काल्मन फिल्टर म्हणतात. अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवण्यासाठी तिचा उपयोग झाला. (काल्मनचा जन्म बुडापेस्टचा. या विषयात हंगेरी काही पाठ सोडत नाही.) भाकीत म्हटल्यावर कोणाला ज्योतिष आठवेल. फरक इतकाच की हे भाकीत सेकंदाला पंचवीस वेळा तपासले जाते आणि चुकले की निमूटपणे दुरुस्त होते.

वस्तू कशी हलते हे मात्र आधी जाणून घ्यावे लागते. पेरँच्या कणांना हे भाकीत लावले तर फुकट जाईल. असल्या कणाला मागच्या उडीची आठवण नसते, पुढची उडी कुठल्याही दिशेला. मोटार जड असते, ती एकाएकी काटकोनात वळत नाही. आणि मुंग्या? त्या समोरासमोर आल्या की थबकतात, एकमेकींच्या मिशांना मिशा लावतात आणि मग पुढे जातात. म्हणजे नेमके ओलांडण्याच्या क्षणी न्यूटनचा नियम पाळायचे त्या टाळतात! म्हणून निवाडा करायची घाई करू नये, असे एक मत आहे. डोनाल्ड रीड याने १९७९ साली ते पद्धतशीर मांडले. ‘आरपार गेल्या’ आणि ‘माघारी फिरल्या’ अशा दोन्ही शक्यता हातात ठेवायच्या आणि पुढची काही चित्रे पाहून जी टिकेल ती ठेवायची. रडारवर विमानांचा माग काढणाऱ्यांना याची फार गरज होती. अडचण एवढीच की शक्यतांच्या फांद्यांना फांद्या फुटत जातात आणि त्या वेळोवेळी छाटाव्या लागतात.

काल्मन फिल्टर आणि हंगेरियन पद्धत यांची सरळ सांगड घालून २०१६ साली ‘सॉर्ट’ नावाची एक रीत प्रसिद्ध झाली. वस्तू ओळखायला न्यूरल नेटवर्क आणि माग ठेवायला १९५५ व १९६० सालची ही दोन गणिते. नव्या वाड्याच्या पायात जुने दगड असावेत तसे.

गड्यांची गुंडाळी

कबड्डीत चढाई करणाऱ्यावर चार-पाच जण तुटून पडले की कॅमेऱ्याला एकच गुंता दिसतो. पाच चौकोनांच्या जागी एक. अशा वेळी यंत्राने काय करावे? हरवलेल्या गड्यांची नावे लगेच खोडून टाकू नयेत. त्यांचे अंदाज चालू ठेवावेत, मात्र प्रत्येक चित्रागणिक अनिश्चिततेचे वर्तुळ मोठे करत जावे. गुंता सुटला आणि त्या वर्तुळात कोणी उगवला, तर तो बहुधा तोच. फार वेळ कोणी उगवले नाही तर नाव खोडावे. ‘फार वेळ’ म्हणजे किती, याला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. थोडा ठेवला तर तोच गडी नवा म्हणून मोजला जातो. जास्त ठेवला तर जुने नाव भलत्याच गड्याला चिकटते. २०१७ पासून सॉर्टच्या सुधारित आवृत्तीत वस्तूच्या रंगरूपाचीही नोंद ठेवू लागले. सारख्या बनियनमधल्या गड्यांना त्याचा कितपत उपयोग, ते तुम्हीच ठरवा.

माग तुटला तर काय होते याचे एक भयंकर उदाहरण आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टेंपी गावी उबर कंपनीची स्वयंचलित मोटार रस्त्यावर चाचणी घेत होती. एक स्त्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. मोटारीने तिला धडक दिली आणि ती मरण पावली. अमेरिकेच्या सरकारी चौकशीतून पुढे जे आले ते वाचून अंगावर काटा येतो. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच मोटारीच्या यंत्रणेला (रडार आणि लेसरचे किरण टाकून अंतर मोजणारे लायडार) तिथे काहीतरी आहे हे कळले होते. पण ते काय आहे, यावर तिचे एकमत होईना. कधी वाहन, कधी ‘इतर’, कधी सायकल. आणि दरवेळी नाव बदलले की जुना माग टाकून दिला जाई, जणू एखादी नवीच वस्तू तिथे उगवली आहे! मागे कुठे होती ते विसरले की वेग कळत नाही, हे आपण वर पाहिलेच. वेग नाही म्हणजे ती पुढे कुठे जाणार याचा अंदाजही नाही. रस्ता ओलांडणारी बाई यंत्राच्या हिशेबी वारंवार जागच्या जागी उभी राहिली. मोटारीत देखरेखीसाठी माणूस बसवलेला होता, पण त्याचे लक्ष फोनकडे होते. चौकशी समितीने अपघाताचे मुख्य कारण त्यालाच मानले आणि कंपनीच्या सुरक्षाव्यवस्थेवरही ठपका ठेवला. मला मात्र त्यातले विसरण्याचे कलम जास्त बोचते. ती वस्तू काय आहे हे कळले नसते तरी चालले असते. ‘मघाची तीच आहे’ एवढे धरून ठेवले असते तर ती कुठे चालली आहे, हे चार-पाच सेकंद आधी कळायला गणिताची काही अडचण नव्हती.

रोमच्या आभाळात

हिवाळ्यात उजनी धरणाच्या परिसरात संध्याकाळी भोरड्यांचे थवे पाहिले आहेत का? हजारो पाखरे एखाद्या काळ्या ओढणीसारखी आभाळात लहरतात, दुमडतात, पुन्हा उलगडतात. त्यांचेच युरोपातले भाऊबंद हिवाळ्यात रोम शहरात मुक्कामाला येतात. तिथे आंद्रेआ काव्हान्या, इरेने जार्दिना आणि त्यांचे सहकारी यांनी रेल्वे स्टेशनाजवळच्या एका संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे लावले. पुढे २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे जॉर्जो पारिसी हेही त्या गटात होते. प्रश्न असा होता : नायक नाही, शिट्टी नाही, मग थवा एकदम वळतो कसा?

आधी त्यांनी वेगवेगळ्या जागांवरून एकाच क्षणी काढलेली चित्रे जुळवून प्रत्येक पाखराची खोली काढली, आपले दोन डोळे काढतात तशी. त्यातून २००८ साली एक अनपेक्षित गोष्ट कळली. प्रत्येक पाखरू आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष देते, मग ते शेजारी वीतभर दूर असोत की दोन मीटर. ससाणा झडप घालून थवा पांगवतो तेव्हाही तो तुटत नाही, याचे कारण यात असावे. अंतरावर अवलंबून असते तर पांगलेली पाखरे एकमेकांना विसरली असती.

पण वळण कुठून सुरू होते आणि कसे पसरते, हे कळायला एकेका पाखराचा माग हवा. सुरुवातीचे कॅमेरे सेकंदाला दहा चित्रे घेत. पाखरू सेकंदाला सुमारे दहा मीटर उडते, म्हणजे दोन चित्रांमध्ये एक मीटर. शेजारचे पाखरूही साधारण एका मीटरवरच. झाली ना पंचाईत! पाखराची जुनी जागा शेजाऱ्याने घेतलेली. पुढे त्यांनी सेकंदाला १७० चित्रे घेणारे कॅमेरे आणले. आता दोन चित्रांमधली झेप सहा सेंटिमीटरांवर आली आणि बहुतेक जुळण्या सोप्या झाल्या. दोन पाखरे एकामागे एक आल्यामुळे जिथे एकच ठिपका दिसे, तिथे रीडसारखीच युक्ती : निवाडा लगेच करायचा नाही, सगळ्या पाखरांच्या सगळ्या वाटा एकत्र मांडून मग ठरवायचे. इथे नावांची एक जरी अदलाबदल झाली तरी कागदावर खोटे वळण उमटते, आणि त्यांना तर नेमकी वळणेच मोजायची होती.

२०१४ साली उत्तर हाती आले. वळण शेजारी शेजारी असलेल्या थोड्या पाखरांपासून सुरू होते आणि लाटेसारखे थव्यातून पसरते. सेकंदाला २० ते ४० मीटर इतका त्या लाटेचा वेग, म्हणजे पाखराच्या स्वतःच्या वेगाच्या दुप्पट ते चौपट. थवा वीस मीटर रुंद असेल तर अर्ध्या ते एका सेकंदात बातमी या टोकाची त्या टोकाला. शिवाय ती वाटेत विरत जात नाही. गर्दीत कानोकान गेलेल्या निरोपाचे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. पाखरांचे तसे होत नाही.

करून पाहा

यासाठी रोमला जायला नको. भिंतीच्या कडेला गुळाचा खडा ठेवा, मुंग्यांची रांग लागली की शेजारी पट्टी चिकटवा आणि घरातल्या मोठ्यांचा फोन मागून घेऊन दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. फोन हलता कामा नये, पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा. मग व्हिडिओ अडवत अडवत, एकेक चित्र पुढे सरकवत पाहा. चार-पाच मुंग्या निवडून त्यांच्या जागा आलेख-कागदावर टिपा, प्रत्येकीला वेगळा रंग. लागोपाठची चित्रे घेतलीत तर माग सहज लागेल.

आता तोच व्हिडिओ पुन्हा घ्या, पण दर पाचवे चित्रच पाहा. मग दर दहावे, मग दर पंचविसावे, आणि प्रत्येक वेळी निव्वळ ठिपक्यांवरून जोड्या जुळवा. लागोपाठच्या चित्रांवरून काढलेला माग हे तुमचे बरोबर उत्तर. कितव्या चित्रापासून तुमच्या जोड्या चुकायला लागतात? त्या वेळी एका मुंगीची सरासरी झेप किती आणि दोन मुंग्यांमधले सरासरी अंतर किती, ते मोजून एकाला दुसऱ्याने भागा. पाच मित्रांनी हा प्रयोग वेगवेगळ्या भिंतींवर केला, तर पाच भागाकार मिळतील. ते एकमेकांच्या किती जवळ येतात, ते पाहा. आणि समोरासमोर येऊन मिशा लावणाऱ्या मुंग्यांच्या जागी चुका जास्त होतात का, तेही वेगळ्या रंगाने दाखवा.